दुसऱ्याच्या हातून : परभणी परिसरातील देहनिगेचा इतिहास

गोदावरीच्या खोऱ्यात माणसाच्या देहाची निगा शेकडो वर्षे बहुतांशी दुसऱ्याच्या हातून होत आली. डोक्याला तेल घालणे, पाठ चोळणे, केस विंचरणे, हजामत करणे, बाळंतिणीला शेकणे, तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, या साऱ्या कामांत निगा करणारा एक आणि जिची निगा व्हायची ती व्यक्ती दुसरी, अशीच रचना होती. आणि ती दोघे एकमेकांची कोण लागतात यावरून त्या निगेची वेळ, तिचा मोबदला आणि तिच्यातला मानापमान ठरत असे. आज स्वतःची काळजी स्वतः घेण्याचा जो उपदेश साबण, क्रीम, हर्बल चहा, व्यायामशाळेचे सभासदत्व आणि मन शांत करणारी मोबाइलवरील अ‍ॅप यांच्यासोबत विकला जातो, त्याचा उगम बहुधा पाश्चात्त्य शहरांत शोधला जातो. परभणीसारख्या कापूस आणि ज्वारीच्या जिल्ह्यात मात्र हा उपदेश एका जुन्या आणि गुंतागुंतीच्या व्यवस्थेवर येऊन बसला, आणि ती व्यवस्था समजून घेतल्याशिवाय बाजाराने इथे काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब मांडता येत नाही.

या व्यवस्थेचा सर्वांत बोलका पुरावा याच जिल्ह्यातल्या गंगाखेडशी जोडलेला आहे. परंपरेनुसार संत जनाबाईंचा जन्म गंगाखेडचा. लहानपणीच त्या पंढरपुरात नामदेवांच्या घरी आल्या आणि दासी म्हणून राबल्या. त्यांच्या नावावर असलेल्या अभंगांत विठ्ठल जनीबरोबर दळतो, शेण्या वेचतो, धुणे धुतो, आणि त्याहून विलक्षण म्हणजे तिला न्हाऊ घालतो, तिचे केस उकलतो, तिची वेणी घालतो. भक्तीचे रूपक म्हणून या प्रसंगांची चर्चा पुष्कळ झाली असली, तरी सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांतली वस्तुस्थिती अधिक मोलाची आहे. घरातल्या प्रत्येकाची निगा करणाऱ्या दासीच्या डोक्याला तेल लावायला घरात कुणीच नसते, आणि ती उणीव भरून काढायला प्रत्यक्ष देवाला यावे लागते. जनीने स्वतःच आपले केस विंचरले तर काय बिघडले, असा प्रश्न त्या कवितेला पडत नाही, कारण तिच्या जगात निगा म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी केलेली गोष्ट होती. ती ज्याच्या वाट्याला आली नाही तो केवळ अस्वच्छ नव्हे, तर एकाकी ठरत असे.

वरच्या थरात हीच गोष्ट ऐश्वर्याचे लक्षण होती. बाराव्या शतकात मराठवाड्यावर ज्यांची सत्ता होती त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यात राजाने भोगावयाचे २० उपभोग सांगताना तेलमर्दन, स्नान, पाय चोळून घेणे, सुगंधी लेप, तांबूल यांना स्वतंत्र प्रकरणे दिली. तेराव्या शतकातील घटना सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मर्दन-स्नानाचे उल्लेख वारंवार येतात आणि तिथे ती शिष्यांची सेवा असते. वैद्यकग्रंथांची शिस्त याहून निराळी. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येचा अध्याय दात घासणे, डोळ्यांत अंजन घालणे, अभ्यंग म्हणजे अंगभर तेल जिरवणे, व्यायाम, उद्वर्तन म्हणजे चूर्ण किंवा उटणे चोळणे आणि स्नान, असा क्रम सांगतो, पण तो तिथेच थांबत नाही. त्याच अध्यायाचा मोठा भाग सद्वृत्ताचा, म्हणजे इतरांशी कसे वागावे याचा आहे, आणि उपजीविका नसलेल्यांना, रोग्यांना, दुःखितांना यथाशक्ती साहाय्य करावे, किड्यामुंग्यांनाही आपल्यासारखेच मानावे, हे त्यात तेलाच्या आणि स्नानाच्या पंक्तीला बसवले आहे. पुढे आयुर्वेदाच्या नावाने जी बाजारपेठ उभी राहिली तिने या अध्यायाचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध ग्रंथातच ठेवला. ही निवड फार महत्त्वाची आहे, कारण उत्तरार्ध बाटलीत भरता येत नाही.

गावपातळीवरची निगा बलुतेदारीत बांधलेली होती. बलुते म्हणजे गावाची ठरावीक कामे वंशपरंपरेने करणाऱ्या कारागिराला सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात या पद्धतीचे बारकाईने वर्णन आले आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणीची खेडी याला अपवाद नव्हती. मराठवाड्यात ज्याला वारीक असेही म्हणतात तो न्हावी हजामत करी, अंग चोळून देई, लग्नाकार्यात निरोप पोहोचवी. परीट कपडे धुई. तेली घाण्यावर करडई, जवस, तीळ, भुईमूग गाळून देई. या निगेसाठी रोकड पैसा जवळजवळ लागत नसे. शिकेकाई आणि रिठा आठवडी बाजारात मिळत, हरभऱ्याचे पीठ आणि हळद घरची असे, पाणी तापवायला कापसाच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या शेतातून येत, आणि टाच घासायची वजरी जत्रेत घेतली की वर्षानुवर्षे पुरे. बाळंतपणात सुईण सव्वा महिना मायलेकरांना तेल चोळी, खाटेखाली शेगडी ठेवून शेक दिला जाई, ओवा आणि बाळंतशेपेची धुरी होई. निगेची ही जाणीव माणसांपुरती नव्हती, हेही नोंदवायला हवे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांच्या जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळले जाते, आणि वर्षभर ज्याच्याकडून काम घेतले त्याच्या देहाचे ऋण फेडण्याची ही रीत ट्रॅक्टर आल्यावरही पुष्कळ घरांत टिकली आहे.

या जगाची आठवण हल्ली फार गोडवा लावून काढली जाते, आणि तसे करण्यात इतिहासावर अन्याय होतो. बाईची निगा सासुरवाशीण होताच आटत असे. पाणी शेंदून आणणारी, चूल पेटवणारी, सर्वांना न्हाऊ घालणारी तीच, आणि तिची स्वतःची अंघोळ साऱ्यांच्या नंतर, अंधार असताना किंवा आडोशाला. दिवसभराच्या कष्टात तिला मिळणारा एकच खाजगी विसावा म्हणजे पुष्कळदा मिश्री; तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दात घासण्यासाठी म्हणून वापरली जाई, तिची तलफ लागे आणि तोंडाचे आजार त्यातून येत. विधवेच्या बाबतीत तर न्हाव्याचा हात निगेचा राहत नसे, तो शिक्षेचा होई. उच्चवर्णीय विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांनी १८९० मध्ये घेतलेली भूमिका, जिच्यामागे सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचे प्रयत्न होते, ही आपल्या हातून काय होऊ द्यायचे नाही हे निगा करणाऱ्यांनीच ठरवल्याची मराठी समाजातील दुर्मीळ घटना आहे.

आणि या सर्वांच्या बाहेर होती ती वस्ती, जिच्या वाट्याला यातले काही येतच नव्हते. गावचा वारीक अस्पृश्यांची हजामत करत नसे, परीट त्यांचे कपडे घेत नसे, सार्वजनिक पाणवठा त्यांना बंद होता. म्हणजे निगेसाठी लागणारे पाणी, हात आणि वस्तू या तिन्ही गोष्टी नाकारायच्या आणि मग तो समाज अस्वच्छ आहे असे म्हणायचे, अशी ही क्रूर व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरलेले कथलाचे जड दागिने टाका, स्वच्छ राहा, असे आवर्जून सांगितले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. तो सौंदर्याचा सल्ला नव्हता. ज्याच्या देहाला गावाने अपवित्र ठरवले होते, त्याने आपल्या देहावरचा हक्क परत घेण्याचा तो कार्यक्रम होता. पुढे १९८८ मध्ये कर्करोगाशी झुंजणाऱ्या ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीने स्वतःची काळजी घेणे ही चैन नसून तग धरण्याची आणि म्हणून राजकीय कृती आहे, असे लिहिले, आणि आजच्या जाहिरातींनी तिच्या म्हणण्यातला संघर्ष काढून टाकून उरलेले शब्द वापरायला घेतले. महाडचे भाषण त्याच्या ६१ वर्षे आधीचे आहे, आणि स्वतःच्या निगेचा विचार मराठी मातीत कुठून उगवला हे शोधणाऱ्याने आधी तिकडे वळायला हवे.

बाजार परभणीत आला तो कापसाच्या मागोमाग. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही गावे मुंबईच्या बाजाराला जोडली गेली. सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, बाहेर जाणाऱ्या गाठींबरोबर गावात रोकड येऊ लागली, आणि परतीच्या गाडीने घासलेट, कापड, आगपेट्या व साबण येऊ लागले. निजामी राज्यात येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात, द्यावी लागे आणि व्यवहार हाली सिक्क्यात, म्हणजे संस्थानच्या स्वतंत्र नाण्यात, होत. त्यामुळे ब्रिटिश मुलखातून आलेली वडी इथल्या गिऱ्हाइकाला जकातीच्या बोज्यासह घ्यावी लागे. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यात स्वातंत्र्यसैनिकांनी करोडगिरीचे नाके लक्ष्य केले, त्यात रोजच्या वस्तूंवर बसणाऱ्या या कराबद्दलचा रागही मिसळलेला होता.

साबणाचा प्रवेश सहज झाला असे मानण्याचे कारण नाही. परदेशी साबणात जनावरांची चरबी असते ही शंका शाकाहारी घरांत पक्की होती, आणि त्याच शंकेला उत्तर म्हणून अर्देशर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईत वनस्पती तेलाचा अंगाचा साबण बाजारात आणला. स्वदेशी आणि अहिंसा हे दोन्ही विचार एका वडीत आले. लाइफबॉय १८९५ पासून हिंदुस्थानात विकला जात होता आणि त्याची भाषा जंतूंची व आरोग्याची होती; १९२९ मध्ये आलेल्या लक्सची भाषा मात्र सौंदर्याची होती, आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस ही मराठी अभिनेत्री त्याच्या जाहिरातीत झळकली तेव्हा एक नवीन गोष्ट घडली. न्हाणीत बसलेल्या बाईला आजवर घरातल्या थोरल्या बायकांची नजर माहीत होती. आता दूरच्या, कधीही न भेटणाऱ्या बाईच्या चेहऱ्याशी आपला चेहरा ताडून पाहण्याची सवय तिला लावली गेली. १९३० मध्ये सुरू झालेले किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक स्त्रीशिक्षणाचा आणि सुधारणेचा पुरस्कार करीत होते, आणि त्याच काळात मराठी नियतकालिकांच्या पानोपानी तेले, साबण, स्नो यांच्या जाहिराती वाढत होत्या. सुधारलेली स्त्री आणि खरेदी करणारी स्त्री यांची ओळख मराठी मध्यमवर्गाला साधारण एकदमच झाली, आणि या दोघींची गल्लत पुढे कायम राहिली.

स्टेशनच्या आणि बाजाराच्या रस्त्यावर ‘केशकर्तनालय’ अशा पाट्या लागल्या, तो बदल मात्र निःसंशय मोलाचा होता. बलुत्याऐवजी रोख पैसे, वंशपरंपरेऐवजी येईल ते गिऱ्हाईक आणि ओसरीऐवजी आरशासमोरची खुर्ची, या तीन गोष्टींनी न्हाव्याला धान्यासाठी हात पसरण्यातून सोडवले आणि गिऱ्हाइकाला अनोळखी राहण्याची मुभा दिली. शहरांतही जातीचा प्रश्न लगेच मिटला नाही; दुकानात माल किंवा सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवणारा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९५५ मध्ये करावा लागला, आणि त्यानंतरही गावच्या बहिष्कारात न्हावी, गिरणी आणि किराणा ही पहिली हत्यारे राहिली. तरीही ज्याला खेड्यात कुणी हात लावत नव्हते त्याला तालुक्याच्या ठिकाणी चार पैसे टाकून दाढी करून घेता येऊ लागली, हे पैशाच्या व्यवहाराचे श्रेय आहे, आणि बाजारावर टीका करताना ते विसरणे अप्रामाणिक ठरेल.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जकातीची भिंत पडली आणि मुंबईच्या मालाबरोबर मुंबईची भाषाही परभणीत पोहोचू लागली. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ने टूथपेस्टच्या नावाला घराघरांत नेले, आणि १९६७ मध्ये विविध भारतीने मुंबई, पुणे, नागपूर येथून जाहिराती प्रसारित करायला सुरुवात केली. याच काळात सणांचे रूपही बदलले. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान म्हणजे पहाटे आईने किंवा बहिणीने तेल-उटणे चोळून घातलेली अंघोळ. टाटा ऑइल मिल्सच्या मोती साबणाने त्या पहाटेशी आपले नाव इतके घट्ट जोडले की पुष्कळ मराठी घरांत उटण्याची वाटी मागे पडूनही दिवाळीची ती गोल वडी चुकली नाही. वर्षात एकदाच घ्यायच्या चैनीला धर्मकृत्याचे स्थान मिळाले आणि विधीचा मान चोळणाऱ्या हातांकडून वस्तूकडे सरकला.

औषध कुठे संपते आणि प्रसाधन कुठे सुरू होते, हा प्रश्नही याच बाजाराने निर्माण केला. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीने पुढे हळदीची क्रीम आणली. ती आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, कारण प्रसाधनावर कर जास्त होता, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल औषधाच्या बाजूने लागला. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, गोणीने विकली जाणारी, लग्नात नवरा-नवरीला लावली जाणारी, जखमेवर दाबली जाणारी आणि भाजीत पडणारी हळद यांपैकी नेमकी काय आहे, असा प्रश्न विचारण्याची गरज आधी कधी पडली नव्हती. ती सगळेच होती. नळीत भरताना मात्र तिला एकच ओळख घ्यावी लागली.

तरीही १९८० पर्यंत परभणीच्या खेड्यातला मजूर या बाजाराचा गिऱ्हाईक नव्हता, कारण बाटली घेण्याइतकी रक्कम त्याच्या हातात एका वेळी येत नसे. ही अडचण सोडवली तामिळनाडूतील कडलूरच्या एका कुटुंबाने. चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू लहान पुडीत भरून विकण्याची कल्पना राबवली होती, आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पूची पुडी आणून ती दक्षिणेतील खेडोपाडी पोहोचवली. मोठ्या कंपन्यांनी मग तोच मार्ग धरला. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या खिशाचा आकार ओळखणारी ही कल्पना होती, आणि म्हणूनच किराणा दुकानाच्या दारात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळांनी जे केले ते पन्नास वर्षांच्या जाहिरातींना जमले नव्हते. शिकेकाई निवडणे, कुटणे, उकळणे, गाळणे यात बाईची सकाळ जाई. पुडीने ती वाचवली. या वाचलेल्या वेळाला कमी लेखणारे लेखक बहुधा स्वतः शिकेकाई कुटत नव्हते, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल. पण पुडीबरोबर आणखी एक बदल आला: शिकेकाईचे पाणी घरातल्या साऱ्या बायकामुलींसाठी एकदम होई आणि एकीने दुसरीच्या डोक्यावर ओते, पुडी मात्र एकीची असते. शिवाय फेस काढायला पाणी अधिक लागते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते पाणी डोक्यावरून आणणारी बाई तीच राहिली.

१९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमने याहून खोल जागी हात घातला. गोऱ्या मुलीला मागणी आणि सावळीला हुंडा, हा हिशेब समाजात आधीपासून होताच. क्रीमने तो निर्माण केला नाही, पण त्याची जबाबदारी मुलीवर टाकली. रंग हे नशीब मानले जात होते तोवर सावळ्या मुलीची कीव केली जाई, रंग हा प्रयत्नाचा विषय ठरल्यावर तिला दोष देता येऊ लागला, आणि कापसाच्या वेचणीला उन्हात जाणाऱ्या मुलीला ही नळी विकली गेली. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ शब्द काढून ‘ग्लो’ केला. हिंदुस्तान लिव्हरने २००० च्या सुमारास जुन्या हैदराबाद संस्थानाचाच भाग असलेल्या नलगोंडा जिल्ह्यातून ‘शक्ती’ नावाचा उपक्रम सुरू केला, ज्यात बचत गटांतील स्त्रियांनी कंपनीचा माल खेड्यात दारोदार विकायचा होता. त्यामुळे स्वावलंबनाची सरकारी भाषा आणि विक्रीची खाजगी भाषा एकाच पिशवीत आल्या. तालुक्याच्या गावांत, जिंतूर-सेलू-गंगाखेडला, ब्युटी पार्लर उघडली ती याच वळणावर, आणि त्यांचे मोल दुहेरी आहे: ती स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली रोजगाराची जागा आहेत, आणि एका बाईने दुसरीच्या केसांत हात घालण्याची, बोलत बसण्याची जुनी रीत तिथे पैसे देऊन का होईना जिवंत आहे.

गेल्या दशकात निगेची ही भाषा देहावरून मनाकडे वळली. ताण घालवण्यासाठी श्वसनाचे वर्ग, सुगंधी मेणबत्त्या, प्रवास, ‘स्वतःला वेळ द्या’ अशी घोषवाक्ये, या सर्वांचे गृहीत असे की ताण माणसाच्या आत असतो आणि तो योग्य खरेदीने व शिस्तीने उतरतो. परभणी जिल्हा या गृहीताची कसोटी घेतो. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात बहुसंख्य कुटुंबे पावसावरच्या कापूस-सोयाबीनवर जगतात. २०१५-१६ चा दुष्काळ, २०१७ मध्ये बीटी कापसावर पडलेली गुलाबी बोंडअळी आणि दर हंगामात पडणारा भाव यांतून आलेले दडपण मेणबत्तीने उतरणारे नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, ज्यात आशा कार्यकर्तीने, म्हणजे गावातच राहणाऱ्या आणि मानधनावर काम करणाऱ्या आरोग्यसेविकेने, घरोघर जाऊन कुणाला झोप येत नाही, कुणी बोलेनासे झाले आहे, कुणी जगण्याला कंटाळला आहे हे पाहायचे आणि त्याला उपचारापर्यंत न्यायचे, अशी योजना आहे. कर्जाचा प्रश्न तिच्या हातात नाही. पण दुःखी माणसाकडे दुसऱ्या माणसाने चालत जाणे, हे या योजनेतले तत्त्व स्वतःपुरत्या निगेच्या साऱ्या बाजारापेक्षा शहाणे आहे. ज्या आशांवर हे काम सोपवले त्यांना पुरेशा मानधनासाठी वारंवार संप करावे लागतात, हे मात्र समाज दुसऱ्याच्या हातांची किंमत आजही किती कमी लावतो याचे द्योतक आहे.

दरम्यान बाजार जुन्या वस्तूंकडे परतला आहे. लाकडी घाण्याचे तेल, घरगुती उटणे, शिकेकाईची पूड, ज्वारीची बिस्किटे हे सारे आता शुद्ध आणि नैसर्गिक म्हणून रिफाइंड मालापेक्षा चढ्या भावाने विकले जाते, आणि दिवाळीच्या आधी बचत गट उटण्याची पाकिटे भरतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या लोह आणि जस्त अधिक असलेल्या ज्वारीच्या वाणाचे प्रसारण २०१८ मध्ये झाले, आणि २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यावर ज्या भाकरीला शहरात गरिबीचे लक्षण मानले जाई, तिला आरोग्याचे लक्षण मानले जाऊ लागले. करडईचे तसे झाले नाही. याच विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले, मराठवाडा हा करडईचा मोठा मुलूख होता, आणि तिचे तेल शहरात हृदयाला हितकर म्हणून मागितले जाते, तरी तिचा पेरा घटत गेला. झाड काटेरी, त्यामुळे काढणी दंवाने काटे मऊ असतात तोवर, पहाटेच, हाताला फडके गुंडाळून करावी लागते. त्या कामाला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर त्यांची मजुरी करडईच्या भावात बसत नाही, आणि म्हणून तिच्या जागी अनेक शेतकऱ्यांनी रब्बीला हरभरा आणि खरिपाला सोयाबीन धरले आहे.